क्षेत्रकार्याच्या दोन दिवसांनी शिकवलेलं

एम.एस.डब्ल्यू.ला प्रवेश घेतलेल्या मुलामुलींना घरी एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. समाजसेवा करायला दोन वर्षांची पदवी कशाला हवी? गाडगेबाबांकडे कुठली पदवी होती? विचारणाऱ्याच्या मनात कामाबद्दल आदरच असतो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. मी आधी मुंबईतल्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. तेव्हा निरनिराळ्या महाविद्यालयांचे विद्यार्थी माझ्याकडे क्षेत्रकार्याला येत. नंतर मराठवाड्यातल्या एका समाजकार्य महाविद्यालयात शिकवायला आले, आणि आता माझे विद्यार्थी मी दुसऱ्यांच्या हाती सोपवते. दोन्हीकडून पाहून माझं मत पक्कं झालं आहे. हे शिक्षण वर्गात सुरू होतं, पण माणूस तयार होतो तो आठवड्यातल्या क्षेत्रकार्याच्या दोन दिवसांत, आणि त्या दोन दिवसांविषयी शिक्षकासमोर बसून केलेल्या बोलण्यात. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते आहे.

१. चांगल्या मनाला कामाची रीत लागते

सार्वजनिक रुग्णालयात वाढदिवसाला, पुण्यतिथीला फळवाटप करायला माणसं येतात. त्यांचं मन चांगलंच असतं. पण खाटेवरच्या माणसाला उद्या घरी सोडणार आहेत, त्याचं घर म्हणजे पुलाखालची जागा आहे, क्षयरोगाची औषधं त्याला निदान सहा महिने चुकवून चालणार नाही, आणि गावी त्याला कुणी ओळख द्यायला तयार नाही. इथे काय करायचं, कुणाला फोन करायचा, त्या माणसाशी काय बोलायचं आणि काय बोलायचं नाही, हे शिकावं लागतं.

ही गरज आपल्याकडे वस्तीतच जाणवली. मुंबईत नागपाड्याला क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मिशनरी ‘नागपाडा नेबरहुड हाउस’ चालवत. सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पाठबळावर १९३६ साली तिथेच देशातली समाजकार्याची पहिली शाळा सुरू झाली. १९४४ मध्ये तिचं नाव ‘टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस’ झालं. १९४६ साली जे. जे. रुग्णालयात देशातला पहिला वैद्यकीय समाजकार्यकर्ता नेमला गेला. पुढे १९५५ साली मुंबईत निर्मला निकेतन आणि १९६३ साली पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था उभी राहिली. आज तर जिल्ह्याजिल्ह्यांत समाजकार्य महाविद्यालयं आहेत. देशातली पहिली शाळा कामगारवस्तीच्या मध्यावर सुरू झाली, ही गोष्ट मी दर वर्षी पहिल्या तासाला सांगते.

२. पहिले काही आठवडे नुसतं बसता आलं पाहिजे

नवीन विद्यार्थ्याला काहीतरी करून दाखवायची घाई असते. पहिल्याच दिवशी तो विचारतो, “मॅडम, मी कुणाला मदत करू?” मी त्याला बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर बसवत असे. कोण कुणाबरोबर आलंय, कोण एकटं आहे, रांग कुठे तुटते, कुणाला कितीदा परत पाठवतात, ते बघ आणि लिहून आण, एवढंच काम.

एका विद्यार्थिनीने बरेच दिवस असं बसून एक गोष्ट टिपून आणली. ‘चौकशी’ अशी मोठी पाटी लावलेल्या खिडकीवर गावाकडची माणसं जातच नव्हती. ती वॉर्डातल्या मावशींना विचारत. मावशी त्यांच्यासारख्या दिसतात, त्यांच्यासारख्या बोलतात, वसकन ओरडल्या तरी रस्ता दाखवतात. आम्ही मग रुग्णांसाठीच्या योजनांची माहिती आधी मावशींना द्यायला लागलो. रुग्णालयातल्या अनुभवी माणसांच्याही ध्यानात न आलेली बाब एका मुलीला बाकावर बसून दिसली, कारण तिच्यावर दुसरं काही करण्याची सक्ती नव्हती.

हल्ली संस्था विद्यार्थी आला की त्याला संगणकासमोर बसवतात आणि आकडे भरायला लावतात. विद्यार्थ्यालाही बरं वाटतं, काम केल्यासारखं होतं. माझ्या मते हा त्याच्या शिक्षणाचा सर्वांत मोठा तोटा आहे.

३. अहवाल लिहिल्याशिवाय आपण काय केलं ते कळत नाही

क्षेत्रकार्याचा अहवाल मुलांना जाच वाटतो. ‘आज वस्तीत गृहभेटी दिल्या. एका महिलेचे समुपदेशन केले. लोकांचा प्रतिसाद चांगला होता.’ असे अहवाल गठ्ठ्याने येतात. मी ते परत देते आणि सांगते, त्या बाईंशी झालेलं बोलणं आठवेल तसं, जसंच्या तसं लिही. तू काय म्हणालास, त्या काय म्हणाल्या, मध्ये कोण आलं, त्या कधी गप्प झाल्या.

असं लिहून आणलेला एक अहवाल अजून माझ्या लक्षात आहे. बाई म्हणाली, “पोरगं शाळेत जात नाही.” विद्यार्थ्याने लगेच शिक्षणाचं महत्त्व सांगायला सुरुवात केली. बाई “हो, हो” म्हणत राहिली. शेवटी निरोप घेताना ती म्हणाली, “त्याचा बाप गेल्यापासून तो माझ्याजवळून हलत नाही.” तेवढ्यात विद्यार्थ्याची बस आली. माझ्यासमोर बसून तो स्वतःचाच अहवाल मोठ्याने वाचत होता आणि त्या वाक्यापाशी थांबला. मला काही सांगावं लागलं नाही. पुढच्या आठवड्यात तो त्या घरी गेला तेव्हा त्याने शाळेचं नावही काढलं नाही. मुलाच्या वडिलांबद्दल विचारलं, आणि ऐकत बसला.

अहवाल मराठीत लिहायची मुभा हवी, असं माझं ठाम मत आहे. जिथे पुस्तकं इंग्रजी आहेत तिथे अहवालही इंग्रजीतच हवा असा आग्रह धरला जातो. वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलणाऱ्या माणसाचं दुःख विद्यार्थी तोडक्यामोडक्या इंग्रजीत उतरवतो तेव्हा कागदावर उरते ती फक्त ‘समस्या’. माणूस गायब होतो.

४. कागद माहीत नसतील तर कळवळ्याचा उपयोग नाही

यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवते, आणि अभ्यासक्रमात याला सर्वांत कमी जागा आहे.

बीड जिल्ह्यातलं एक ऊसतोड जोडपं पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या भागात तोडणीला गेलं होतं. उसाने भरलेल्या ट्रॉलीखाली नवऱ्याचा पाय सापडला. मुकादमाने जवळच्या रुग्णालयात टाकलं, तिथून फिरत फिरत ते मुंबईत आले. बायकोचं वय विशीच्या आसपास. सोबत एक पिशवी, एक कोयता आणि तान्हं मूल. रेशनकार्ड गावी सासूकडे. त्यावर नवऱ्याचं नाव आहे, हिचं नाही. हिचं नाव अजून माहेरच्या कार्डावर, कारण लग्नानंतर ते कमी करून इकडे लावायला कुणाला सवड झाली नव्हती. आधारकार्डावर माहेरचं आडनाव. उचल फिटलेली नाही म्हणून मुकादमाचे रोज फोन. ती रडत नव्हती. ती फक्त विचारत होती, “कुठं सही करू?”

माझ्याकडे तेव्हा क्षेत्रकार्याला असलेली विद्यार्थिनी तिच्याबरोबर रडली. मला त्यात काही गैर वाटलं नाही. मग मी तिला कागद घेऊन बसवलं. गावच्या तलाठ्याचा नंबर शोध. सासूकडून कार्डाचा फोटो मागव. तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला काढायला गावात कोण जाऊ शकतं ते विचार. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे उपचार बसतात का, ते आरोग्यमित्राकडून लिहून घे. बसत नसेल तो खर्च कुठून येईल, त्याची यादी कर. संध्याकाळपर्यंत त्या मुलीला जे समजलं ते कुठल्याही पेपरात विचारलं जात नाही. एका बाईचं नाव एका कार्डावर नसण्याने तिचा दवाखाना, तिचं धान्य आणि तिचा हक्क हे तिन्ही अडतात, हे ती स्वतः फोनवर भांडून शिकली.

आणखी एक कागद माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असावा असा माझा हट्ट आहे. महाराष्ट्रात विश्वस्त संस्थांनी चालवलेल्या धर्मादाय रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ कक लागू आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली त्यासाठी योजना घालून दिली. तिच्याप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. त्यासाठी रुग्णालयाने आपल्या बिलांच्या रकमेतले २ टक्के वेगळ्या निधीत टाकायचे असतात. तातडीचा रुग्ण आला तर त्याला आधी दाखल करून जीव वाचवणारे उपचार द्यायचे असतात. मोठाल्या काचेच्या इमारतींतही ही तरतूद लागू असते, हे रुग्णाला ठाऊक नसतं. खिडकीवरचा माणूस आपणहून सांगत नाही. अशा वेळी ‘कलम ४१ कक’ एवढे शब्द शांतपणे, आवाज न चढवता उच्चारणारी एखादी चोवीस वर्षांची मुलगी शेजारी उभी असेल, तर बोलणं बदलतं. मी ते अनेकदा पाहिलं आहे. माझ्या लेखी हेही समाजकार्याचंच शिक्षण आहे, आणि ते समुपदेशनाच्या कौशल्यापेक्षा तसूभरही कमी दर्जाचं नाही.

५. निर्णय तिचा आहे

फेलिक्स बीस्टेक यांनी १९५७ साली व्यक्तिसहाय्य कार्याची सात तत्त्वं मांडली. आपल्याकडच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ती परीक्षेसाठी पाठ असतात. त्यातलं एक म्हणजे माणसाचा स्वतःचा निर्णय स्वतः घेण्याचा हक्क. कागदावर ते सोपं दिसतं.

पोलीस आवारात चालणाऱ्या महिला व मुलांसाठीच्या विशेष कक्षात विद्यार्थी क्षेत्रकार्याला जातात तेव्हा त्याची खरी कसोटी लागते. हा कक्ष १९८४ साली टाटा इन्स्टिट्यूट आणि मुंबई पोलीस यांनी मिळून सुरू केला. मारहाणीने सुजलेला चेहरा घेऊन आलेली बाई म्हणते, “मला नांदायचंय. फक्त मार थांबवा.” काही विद्यार्थी मनातून चिडतात. त्यांना वाटतं, हिने आता तरी घर सोडावं. काहींच्या घरात वर्षानुवर्षं ‘संसार मोडू नये’ हेच ऐकलेलं असतं, ते लगेच समजूत काढायला बसतात. दोघेही तिचं ऐकत नाहीत. मी त्यांना सांगते, तिला आज काय हवंय ते तिच्या तोंडून घ्या, आणि तिच्यापुढे कोणते रस्ते आहेत ते सगळे सांगा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यामुळे तिला त्याच घरात राहण्याचा आदेश मिळू शकतो, मारहाणीला मनाई करणारा आदेश मिळू शकतो, खर्चाची रक्कम मिळू शकते, संरक्षण अधिकारी मदतीला असतो. नांदायचं म्हणणं आणि मार सहन करणं या दोन गोष्टी कायद्यानेच वेगळ्या केल्या आहेत. रस्ते समजल्यावर ती जे ठरवील त्यात तिच्याबरोबर राहा. दोन महिन्यांनी तिने बदलून दुसरं ठरवलं, तर त्यातही राहा.

६. “कुणाला सांगणार नाही” असं वचन देऊ नये

गोपनीयता हेही त्या सातातलंच एक तत्त्व. एका शाळेत क्षेत्रकार्याला असलेल्या विद्यार्थ्याला आठवीतली मुलगी म्हणाली, “सर, एक सांगायचंय, पण कुणाला सांगू नका.” तो “नाही सांगणार” म्हणाला आणि मग तिने जे सांगितलं ते ऐकून रात्रभर जागा राहिला. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराबद्दल कळलं की पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. त्यामुळे मुलाने काही सांगायच्या आधीच आपण म्हणायचं असतं, “तुझ्या सुरक्षेचा प्रश्न असेल तर मला योग्य माणसाला सांगावं लागेल, पण तुला सांगितल्याशिवाय, तुला बरोबर घेतल्याशिवाय मी काही करणार नाही.” हे वाक्य आम्ही वर्गात जोडीजोडीने म्हणून घेतो, कारण ऐन वेळी ते तोंडात येत नाही. त्या मुलीच्या बाबतीत पुढचं सगळं रीतसर झालं. बाल कल्याण समितीने तिला सहाय्यक व्यक्ती दिली. विद्यार्थ्याला मात्र सावरायला बराच काळ लागला. ऐकणाऱ्याचंही कुणीतरी ऐकावं लागतं.

७. विद्यार्थी कुठून आला आहे हे शिक्षकाला ठाऊक असलं पाहिजे

समाजकार्याची बहुतेक पुस्तकं असं धरून चालतात की कार्यकर्ता बाहेरून, बऱ्या परिस्थितीतून गरीब वस्तीत येतो. माझ्या वर्गात चित्र उलटं आहे. बरीच मुलं घरातली पहिली पदवीधर. कुणाचे आईवडील ऊसतोडीला, कुणाची आई अंगणवाडीत मदतनीस, कुणी तांड्यावरून, कुणी पालावरून आलेलं. ज्यांच्याबद्दल प्रकरणं शिकायची त्यांच्यातलीच ती आहेत. निराधार योजनेच्या रांगेत ती स्वतः आजीबरोबर उभी राहिलेली आहेत. हे ज्ञान वर्गात आलं पाहिजे, फळ्यावर लिहिलं गेलं पाहिजे.

माझा एक विद्यार्थी फासेपारधी समाजातला. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर इंग्रजांनी जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला त्यांपैकी ही एक. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, शिक्का अजून पुसलेला नाही. क्षेत्रकार्यासाठी पोलीस ठाण्यातल्या मुलांच्या कक्षाशी संबंधित जागा त्याच्या वाट्याला आली. तो माझ्याकडे आला आणि एवढंच म्हणाला, “मॅडम, मी त्या दारातून नेहमी वडिलांना सोडवायला गेलोय.” त्याला दुसरी जागा देणं सोपं होतं. पण त्याचीच इच्छा होती की आता त्या दारातून वेगळ्या कामासाठी आत जावं. आम्ही तीन-चार बैठका नुसत्या त्यावर घेतल्या. तिथल्या अधिकाऱ्यांना मी आधी जाऊन भेटले, तो कोण आणि कशासाठी येणार आहे ते लेखी दिलं, पहिल्या दिवशी त्याच्याबरोबर गेले. वर्षाच्या शेवटी त्याने पकडून आणलेल्या मुलांच्या घरच्यांसाठी एक पानभर माहिती तयार केली: मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं, वकील मोफत मिळतो. त्या पानातली भाषा पालावर समजणारी होती. आमच्यापैकी कुणालाही ती तशी लिहिता आली नसती.

अशा मुलांना आम्ही ‘वंचित घटक’ या प्रकरणाचे श्रोते करून बसवतो, याचं मला फार वाईट वाटतं.

८. १८८९ ची दोन घरं

जेन अॅडम्स यांनी शिकागोत हल हाउस सुरू केलं ते १८८९ साली. समाजकार्याच्या इतिहासाचा धडा तिथून सुरू होतो, आणि तो शिकवायलाच हवा. पण त्याच वर्षी मार्च महिन्यात पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडलं होतं. त्याआधी, १८६३ साली, जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू करून फसवल्या गेलेल्या विधवांना बाळंतपणासाठी सुरक्षित दार दिलं होतं. प्लेगच्या साथीत रुग्णसेवा करतानाच १८९७ मध्ये सावित्रीबाई गेल्या. विद्यार्थ्यांना ही नावं जयंतीच्या भाषणातून माहीत असतात. त्यांनी प्रवेश कसा दिला, नावं गुप्त कशी ठेवली, खर्च कसा भागवला, विरोध कसा झेलला, हे कामाच्या पद्धती म्हणून शिकवलं जात नाही. मी हल हाउस आणि शारदा सदन एकाच तासाला शिकवते.

९. नकाशा वाचायला शिका: किल्लारीचा धडा

ग्रामीण शिबिरासाठी मी विद्यार्थ्यांना किल्लारीच्या भूकंपग्रस्त भागात नेते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळपास ८,००० माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळलं. नंतर ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली.

मुलांना आधी वाटतं, इतक्या जुन्या घटनेत आता काय शिकायचं? मी त्यांना गावात मोकळं सोडते आणि घरं मोजायला सांगते. संध्याकाळी ती परत येतात तेव्हा त्यांच्या वहीत एकच प्रश्न असतो: घरं तीन मापांची का? मग उत्तर शोधायला लागतं. पुनर्वसनात जमीन नसलेल्यांना आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फुटांचं घर मिळालं, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४०० आणि त्याहून जास्त जमीन असलेल्यांना ७५० चौरस फुटांचं. भूकंपाने सगळ्यांना एकाच रात्री उघड्यावर आणलं होतं. सरकारी निकषाने त्यांना पुन्हा जमिनीच्या मापाने बसवलं. जमीन कुणाकडे नव्हती, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात विचारायची गरज पडत नाही. मुलं स्वतःच हिशेब मांडतात आणि गप्प होतात.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्या माणसांकडे बसायला सांगते. रुंद सरळ रस्ते, आखीव ओळी, घराघरांत अंतर. बायका सांगतात, जुन्या गावात ओट्यावरून हाक मारली की चार घरं ऐकत. बैल कुठे बांधायचे, कडबा कुठे रचायचा, हे नकाशा काढणाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं. काही घरांपुढे लोकांनी नंतर पत्रे ठोकून, भिंती वाढवून आपल्याला हवं तसं घर करून घेतलेलं दिसतं. समुदाय संघटनाच्या पुस्तकात लोकसहभागावर मोठं प्रकरण आहे. ते प्रकरण मी या शिबिरानंतर शिकवते, कारण त्यानंतर मुलं माझ्याशी वाद घालतात. सगळ्यांना विचारत बसलं असतं तर उघड्यावर राहणाऱ्यांना छप्पर कधी मिळालं असतं, असंही कुणीतरी विचारतं. तो प्रश्न खरा आहे आणि मी त्याचं सोपं उत्तर देत नाही.

१०. जाण्याची तारीख पहिल्या दिवशी सांगावी

परीक्षा जवळ आल्या की क्षेत्रकार्य संपतं. बालगृहातल्या मुलांच्या दृष्टीने दर वर्षी एक ताई किंवा दादा येतो, जीव लावतो आणि नाहीसा होतो. म्हणून माझा नियम आहे: पहिल्याच भेटीत मुलांना सांगायचं, मी मार्चपर्यंत येणार. भिंतीवर कॅलेंडर लावायचं. शेवटच्या महिन्यात प्रत्येक भेटीत निरोपाबद्दल बोलायचं. आणि नंतर भेटायला येण्याचं खोटं आश्वासन मुळीच द्यायचं नाही.

११. मार्गदर्शक नसेल तर क्षेत्रकार्य म्हणजे हेलपाटे

वरचं सगळं शक्य होतं ते कुणीतरी दर आठवड्याला विद्यार्थ्यासमोर बसल्यामुळे. वैयक्तिक बैठक, गटबैठक, वाचून परत दिलेला अहवाल, संस्थेत जाऊन घेतलेली भेट. याला वेळ लागतो आणि माणसं लागतात. आज अनेक महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला फक्त घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात, आणि विद्यार्थ्याच्या गृहभेटीवर बसून बोलण्याचा तास कुठल्याच हिशेबात धरला जात नाही. मग हजेरीपत्रकावर संस्थेचा शिक्का आणला की क्षेत्रकार्य झालं. विद्यार्थी दोन वर्षं फिरतो आणि त्याला काय आलं, काय आलं नाही, हे सांगणारं कुणी भेटत नाही. अशी पदवी घेऊन तो उद्या एखाद्या अत्याचारग्रस्त मुलीसमोर बसणार आहे. वैद्यकीय विद्यार्थ्याने रुग्ण न तपासता पदवी घ्यावी हे आपण खपवून घेणार नाही. इथे ते खपतं, कारण समाजकार्यकर्त्यांची नोंदणी करणारी आणि शिक्षणाचा दर्जा तपासणारी स्वतंत्र वैधानिक परिषद देशात अजून नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोविकार क्षेत्रातल्या समाजकार्यकर्त्यांची व्याख्या केली, २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात वैद्यकीय समाजकार्यकर्त्यांचा समावेश झाला. ही सुरुवात चांगली आहे. पण बालसंरक्षण, महिला, वस्ती, शेती, तुरुंग या क्षेत्रांत काम करणाऱ्यांचं काय?

नोकऱ्यांचीही तीच गत. जिल्हा बाल संरक्षण कक्ष असो, सखी केंद्र असो, समुपदेशकाची जागा असो, बहुतेक पदं करारावर आणि मानधनावर. ज्यांच्याकडून आपण लोकांच्या आयुष्यात स्थैर्य आणण्याची अपेक्षा करतो त्यांचा स्वतःचा करार दर वर्षी नव्याने होतो. चांगले विद्यार्थी हे पाहून दुसरीकडे वळतात, आणि मी त्यांना अडवू शकत नाही.

समाजकार्य शिकू इच्छिणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे. प्रवेश घेण्याआधी महाविद्यालयात जा आणि दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठा. तुमचे अहवाल वाचून परत मिळतात का? आठवड्यातून एकदा शिक्षक तुमच्याशी एकेकट्याने बसतात का? तुमच्या संस्थेत ते कधी आले होते? या तीन प्रश्नांची उत्तरं घुटमळत मिळाली, तर इमारत कितीही मोठी असो, दुसरं महाविद्यालय शोधा. आणि जे आधीच या कामात आहेत, रुग्णालयात, बालगृहात, न्यायालयात, गावात, त्यांना विनंती आहे: दर वर्षी निदान एका विद्यार्थ्याला तुमच्या हाताखाली घ्या, आणि आठवड्याचा एक तास त्याच्यासाठी राखून ठेवा.